रिव्हर्ट की रिप्लाय? चार शब्दांच्या एका ओळीमुळे चुकलेल्या बिलांचं प्रकरण

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने इंग्लंडमधल्या आपल्या ग्राहकाला मार्च 2022 च्या शेवटच्या आठवड्यात एक ओळ लिहिली: ‘विल रिव्हर्ट बाय टुनाइट.’ लिहिणाऱ्याच्या मनात होतं, ‘तपासून आज रात्रीपर्यंत कळवतो.’ वाचणाऱ्याने घेतलं, ‘केलेला बदल आज रात्रीपर्यंत काढून टाकतो.’ दोन दिवसांनी हॉटेलांची बिलं चुकीच्या कराने छापली गेली.

मी कंपन्यांमध्ये व्यावसायिक इंग्रजी शिकवते. या प्रकरणानंतर कंपनीने मला पूर्ण पत्रव्यवहार वाचायला दिला आणि दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलायची परवानगी दिली. ओळख पटेल असे तपशील गाळून ते इथे मांडते आहे. आपल्याकडे ‘प्लीज रिव्हर्ट’ हा विषय निघाला की चर्चा लगेच ‘हे चूक इंग्रजी आहे’ इथे येऊन थांबते. या प्रकरणात तेवढ्याने काहीच उलगडत नाही.

पार्श्वभूमी

ग्राहक म्हणजे इंग्लंडमध्ये काही लहान हॉटेलं चालवणारा एक व्यवसाय. त्यांची बुकिंग आणि बिलिंगची प्रणाली पुण्यातून सांभाळली जाते. तिकडे या कामाशी दोघांचा संबंध होता: हिशेब विभागाच्या प्रमुख बाई आणि तांत्रिक प्रमुख. पुण्यात टीम लीड, हा बदल लिहिणारा डेव्हलपर आणि कोड तपासून मंजूर करणारा त्याचा सहकारी.

कामाचं निमित्त होतं कराचा दर. कोविडच्या काळात ब्रिटिश सरकारने हॉटेलं आणि खानावळींवरचा व्हॅट 20 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला होता. ही सवलत 15 जुलै 2020 ला सुरू झाली. 1 ऑक्टोबर 2021 पासून दर 12.5 टक्के झाला आणि 1 एप्रिल 2022 पासून तो पुन्हा 20 टक्के होणार होता. इंग्रजीत ‘दर पूर्वपदावर येणार’ हे सांगायला ‘रिव्हर्ट’ हे नेहमीचं क्रियापद आहे. म्हणजे त्या मार्चमध्ये ग्राहकाच्या कार्यालयात हा शब्द रोज कानावर पडत होता, आणि तो त्याच्या जुन्या अर्थाने: जसं होतं तसं परत होणं.

दर बदलताना खरी मेख असते ती आगाऊ रकमेत. पाहुण्याने मार्चमध्ये काही पैसे भरले आणि राहायला तो एप्रिलमध्ये आला, तर भरलेल्या रकमेवर पैसे मिळाले त्या दिवशीचा दर लागतो आणि उरलेल्या रकमेवर नवा. कंपन्यांसाठी केलेल्या बुकिंगमध्ये दर करापूर्वीचे ठरलेले असतात, म्हणून तिथलं उदाहरण घेते. भाडं 300 पौंड. त्यातले 100 पौंड मार्चमध्ये आगाऊ, त्यावर 12.5 टक्क्यांनी 12.50 पौंड कर. उरलेल्या 200 पौंडांवर 20 टक्क्यांनी 40 पौंड. एकूण बिल 352.50. सगळ्यावर 20 टक्के लावले तर बिल 360 होतं. साडेसात पौंडांचा फरक, आणि शिवाय मार्चमध्ये दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावतीशी हे बिल जुळत नाही.

पुण्याच्या डेव्हलपरने हा नियम प्रणालीत घातला होता. बदल बरोबर होता, चाचणीतही उतरला होता.

काय घडलं

बुधवारी, 30 मार्चला, हिशेब प्रमुखांनी चाचणीचं एक बिल उघडलं. एकाच बिलावर दोन दर दिसले. त्यांनी मेल केला: हे असंच अपेक्षित आहे का, आणि दोन दर बिलावर वेगळे दाखवण्याची पद्धत आमच्या हिशेबाच्या पुस्तकांत बसेल का? मेल पुण्याच्या डेव्हलपरला होता, सीसीमध्ये त्यांचे तांत्रिक प्रमुख.

प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर जागच्या जागी देण्यासारखं नव्हतं. डेव्हलपरने टीम लीडशी बोलून, नियम पुन्हा वाचून मगच उत्तर द्यायचं ठरवलं. तोवर समोरचा ताटकळत राहू नये म्हणून संध्याकाळी सातला त्याने पोच दिली. तिचा मराठीत आशय असा: ‘आगाऊ रकमेच्या बदलाबद्दलची तुमची शंका लक्षात आली.’ आणि पुढे ती ओळ, ‘विल रिव्हर्ट बाय टुनाइट.’ हा मेल दोघांनाही गेला.

रात्री अकराला त्याने शब्द पाळला. दोन दर का येतात, कोणत्या रकमेवर कोणता, पुस्तकांत नोंद कशी करायची, हे सगळं त्याने नीट लिहिलं. मी ते उत्तर वाचलं आहे. नेमकं आणि नम्र उत्तर आहे ते. मात्र ते पाठवताना ‘रिप्लाय ऑल’ऐवजी ‘रिप्लाय’ दाबलं गेलं आणि ते फक्त हिशेब प्रमुखांकडे गेलं. इंग्लंडमध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, त्या घरी गेल्या होत्या. त्यांनी ते गुरुवारी सकाळी वाचलं, त्यांचं समाधान झालं आणि त्या पुढच्या कामाला लागल्या.

तांत्रिक प्रमुखांकडे मात्र फक्त पहिला मेल होता. त्यांनी गुरुवारी सकाळी कोड पाहिला. बदल अजून तिथेच. त्यांचा तर्क सरळ होता: हिशेब विभागाने शंका काढली, पुण्याने रात्रीपर्यंत बदल मागे घेतो म्हणून सांगितलं, ते राहून गेलेलं दिसतंय, आणि दुपारी बारानंतर कोडला हात लावायचा नाही असं ठरलेलं आहे. पुण्याच्या लोकांना घाईत टाकण्यापेक्षा आपणच करून टाकू, अशा सद्भावनेने त्यांनी तो कमिट (कोडमध्ये नोंदवलेला बदल) रिव्हर्ट केला, म्हणजे मागे घेतला, आणि मंजुरीसाठी पुण्याला पाठवला.

डेव्हलपर त्या दिवशी रजेवर होता. शनिवारी, 2 एप्रिलला, गुढीपाडवा होता आणि तो गुरुवारी सकाळीच गावाकडे निघाला होता. मंजुरीची विनंती त्याच्या सहकाऱ्याकडे आली. त्याने मेलची साखळी उघडली, ‘विल रिव्हर्ट बाय टुनाइट’ वाचलं, आणि ठरल्याप्रमाणेच चाललं आहे असं समजून मंजुरी दिली.

गुरुवार–शुक्रवारच्या मध्यरात्री नवा दर लागू झाला, आगाऊ रकमेचा नियम वगळून.

शुक्रवारी दुपारी एका कंपनीच्या लेखा विभागाने बिल परत पाठवलं: आगाऊ रकमेची तुमची पावती साडेबारा टक्क्यांची आहे आणि या बिलात त्याच रकमेवर वीस टक्के का? हिशेब प्रमुखांना आधी हे खरंच वाटेना. उत्तर तर त्यांच्याकडे लेखी होतं.

फोनवरची पाच मिनिटं

शुक्रवारी संध्याकाळच्या कॉलची टिपणं टीम लीडने ठेवली आहेत. डेव्हलपर गावाहून फोनवर होता. बदल कोडमध्ये का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘मी बुधवारी रात्रीच रिव्हर्ट केलं होतं.’ तिकडून तांत्रिक प्रमुख म्हणाले, ‘नाही, तुम्ही केलं नव्हतं. गुरुवारी सकाळी मी केलं.’ यावर डेव्हलपरला वाटलं, आपलं उत्तर पोहोचलंच नाही आणि हिशेब प्रमुखांना आपल्या वतीने यांनीच उत्तर दिलं, असं हे म्हणताहेत. तो म्हणाला, ‘बाईंना माझं रिव्हर्ट मिळालं आहे, विचारून बघा.’ त्या म्हणाल्या, ‘मला तुमचं उत्तर मिळालं, रिव्हर्ट मी मागितलंच नव्हतं.’

दोन्हीकडचे लोक खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय असं वाटायला लागलं होतं. टीम लीडने ‘थांबा, रिव्हर्ट हा शब्द बाजूला ठेवू’ असं म्हटल्यावर गाठ सुटली. तिने विचारलं: कोडमधला बदल कोणी काढला? मेलचं उत्तर कोणी दिलं? दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं आली.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. कोण चुकलं हे तिने विचारलं नाही. एका शब्दाखाली दडलेल्या दोन कृती तिने वेगळ्या केल्या.

दोन क्रियापदांत फरक कुठे आहे

‘रिप्लाय’ तसं सोपं आहे. कोणीतरी विचारलं, आपण उत्तर दिलं. विचारणं आणि सांगणं यांत किती वेळ गेला, मध्ये काही चौकशी झाली का, याबद्दल हे क्रियापद काही बोलत नाही.

‘रिव्हर्ट’ लॅटिनमधून आलं, मूळ अर्थ मागे वळणं. इंग्रजीत त्याचा मुख्य वापर पूर्वस्थितीला जाण्यासाठी होतो. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते. सवलत संपली की कर जुन्या दरावर रिव्हर्ट होतो. बोलणं भलतीकडे गेलं असेल तर वक्ता मूळ विषयाकडे रिव्हर्ट होतो. या शेवटच्या वापरातच आपल्या कचेरीतल्या अर्थाचं बीज दिसतं. ‘या विषयाकडे परत येतो’ पासून ‘या विषयावर तुमच्याकडे परत येतो’ हे अंतर अगदी थोडं. भारतातल्या कार्यालयांनी ते ओलांडलं, सिंगापूर-मलेशियातल्या कार्यालयांनीही ओलांडलं, आणि जहाज भाड्याने देण्याघेण्याच्या धंद्यात तर दलालांच्या संदेशांत ‘विल रिव्हर्ट’ सर्रास असतं. काही शब्दकोशांनी उत्तर देण्याचा हा अर्थ भारतीय इंग्रजी म्हणून नोंदवलाही आहे. म्हणून याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. लाखो लोक रोज वापरतात आणि आपापसांत तो नीट समजतो.

उलट, तो टिकला याला कारण आहे. आपण ‘उत्तर देतो’ आणि ‘बघून कळवतो’ यांत फरक करतो. दुसऱ्यात एक वचन आहे: मी आता जाईन, चौकशी करीन आणि निकाल घेऊन तुमच्याकडे येईन. ‘रिप्लाय’मध्ये ते वचन नाही, भारतीय वापरातल्या ‘रिव्हर्ट’मध्ये आहे. डेव्हलपरला नेमकं तेच म्हणायचं होतं. तो मला म्हणाला, ‘मॅडम, रिप्लाय तर मी देतच होतो ना त्या क्षणी. पुढचं काय लिहायचं मग?’ त्याचं म्हणणं बिनतोड आहे. इंग्लंड-अमेरिकेत या जागी ‘गेट बॅक टू यू’ म्हणतात, पण शाळा-कॉलेजात ते कोणी शिकवत नाही आणि अनेकांना ते पत्रासाठी फार अघळपघळ वाटतं.

आपल्याकडच्या सरकारी नोकरीत तर हाच शब्द धडकी भरवणारा आहे. तिथे रिव्हर्ट होणं म्हणजे वरच्या पदावरून मूळ खालच्या पदावर परत जाणं. पुरुषोत्तमलाल धिंग्रा या रेल्वे कर्मचाऱ्याचं प्रकरण याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. असं पाठवणं शिक्षा ठरते का आणि राज्यघटनेच्या कलम 311 चं संरक्षण त्याला मिळतं का, यावरचा 1957 चा निकाल आजही सेवाविषयक खटल्यांत दाखवला जातो. मंत्रालयातल्या कारकुनाला ‘प्लीज रिव्हर्ट’ वाचून काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आणि मग प्रोग्रामरांचा अर्थ. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये तयार केलेल्या, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात ‘रिव्हर्ट’ नावाची एक आज्ञाच आहे. आधीच्या कमिटने जे बदल केले, त्यांच्या नेमके उलट बदल करणारा एक नवा कमिट ती तयार करते. जुना कमिट इतिहासात तसाच राहतो, फक्त त्याचा परिणाम नाहीसा होतो. जगभरातले प्रोग्रामर हा शब्द रोज याच अर्थाने वापरतात, पुण्यातलेही.

व्याकरणाच्या अंगाने बघितलं तर या तीन अर्थांची राहणी वेगळी आहे, आणि इथेच काही शिकण्यासारखं सापडतं. पारंपरिक इंग्रजीत हे क्रियापद अकर्मक आहे: दर रिव्हर्ट होतो, कोणी त्याला करत नाही. प्रोग्रामरांनी त्याला सकर्मक केलं: अमुक कमिट रिव्हर्ट करा. भारतीय कचेरीत ते पुन्हा कर्माशिवाय येतं, पण सोबत ‘टू यू’ किंवा ‘ऑन धिस’ असतं. म्हणजे शेजारचे शब्द पाहिले की अर्थ कळतो. ‘विल रिव्हर्ट टू यू बाय टुनाइट’ असं असतं तर तांत्रिक प्रमुख थबकले असते. त्यांनी मला तसं सांगितलंही. पण आपण घाईत मेल लिहिताना पहिल्यांदा गळतात ते हेच दोन छोटे शब्द. उरलं ते उघडं क्रियापद. त्याच्या आदल्या वाक्यात ‘बदल’ हा शब्द होता, म्हणून वाचणाऱ्याने तोच कर्म म्हणून जोडून घेतला.

सहकाऱ्याची मंजुरी

तांत्रिक प्रमुख इंग्रज होते म्हणून घोटाळा झाला, असं सुरुवातीला कंपनीत सगळे म्हणत होते. पण मंजुरी देणारा सहकारी पुण्याचाच. तोही दिवसातून दहादा ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितो. तरीही त्याने ती ओळ प्रोग्रामरच्या अर्थानेच वाचली, कारण वाचताना त्याच्यासमोर रिव्हर्टची मंजुरी मागणारा पडदा होता. माणूस कुठला आहे याच्याइतकंच तो शब्द कुठे बसून वाचतोय हे महत्त्वाचं ठरलं.

हिशेब प्रमुखांची गोष्ट याच्या बरोबर उलट. त्यांनी भारतीय पुरवठादारांबरोबर अनेक वर्षं काम केलं आहे आणि ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी तो मेल बरोबर समजून घेतला होता. म्हणजे इंग्लंडमधल्या एका व्यक्तीला भारतीय अर्थ कळला आणि पुण्यातल्या एका व्यक्तीला तो सुचला नाही.

समोर असलेले पर्याय

बिलं दुरुस्त करण्याचं काम शुक्रवारी रात्रीच सुरू झालं. पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं, यावर सोमवारी बैठक झाली.

पहिला प्रस्ताव वरिष्ठ व्यवस्थापकाचा होता: परिपत्रक काढा आणि ‘रिव्हर्ट’वर बंदी घाला. सोबत भारतीय इंग्रजीतल्या इतर ‘चुकांची’ यादीही जोडा. मी याच्या विरोधात बोलले आणि आजही माझं मत तेच आहे. अशा याद्यांनी माणसं भित्री होतात. मेल लिहायलाच नको म्हणून पोच देणंही सोडतात, आणि या प्रकरणात पोच देणं ही चांगली सवय होती. शिवाय या कंपनीचे काही ग्राहक मुंबईत आणि सिंगापूरला आहेत. तिथे हा शब्द रुळलेला आहे.

दुसरा प्रस्ताव: ग्राहकालाच सांगा की आमच्याकडे याचा अर्थ उत्तर असा होतो. ऐकायला स्वाभिमानी वाटतो. पण ग्राहकाचा प्रत्येक नवा माणूस हे लक्षात ठेवणार नाही, आणि सहकाऱ्याच्या मंजुरीने दाखवलं होतंच की आपल्या माणसालाही ते दर वेळी आठवत नाही.

तिसरा मार्ग तांत्रिक होता. मेल किंवा चॅटमध्ये हा शब्द आला की आपोआप इशारा द्यायचा. एकाने तो करूनही दाखवला. पण कोडबद्दलच्या खऱ्याखुऱ्या रिव्हर्टवरही इशारे यायला लागले आणि लोकांनी ते बंद केले.

चौथा मार्ग टीम लीडचा. शब्दाला हात न लावता वाक्याची रचना ठरवायची आणि मंजुरीच्या पद्धतीत एक पायरी वाढवायची. तोच स्वीकारला गेला.

प्रत्यक्षात काय केलं

कोडची दुरुस्ती गिटमुळे सोपी गेली. रिव्हर्ट हा स्वतःच एक कमिट असल्याने त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करता येतं. मूळ बदल शाबूत परत आला. चाचणी करून तो शुक्रवारी रात्री चालू प्रणालीत गेला. कोणी, केव्हा, काय मागे घेतलं याची नोंद इतिहासात होती, म्हणून कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागलं नाही. शुक्रवारी दिवसभरात निघालेल्या ज्या बिलांत आगाऊ रक्कम होती, ती शोधून त्यांच्यासाठी क्रेडिट नोटा (चुकलेलं बिल मागे घेणारी कागदपत्रं) काढल्या आणि नवी बिलं दिली. हे काम हिशेब विभागाच्या माथी आलं. पुण्याच्या दोघांनी पाडव्याच्या दिवशी बसून याद्या करून दिल्या.

लिहिण्यासाठी नियम असा ठरला: काही करण्याचं आश्वासन देताना कृती कोणती, ती कशावर, आणि कोणाच्या घड्याळाने किती वाजेपर्यंत, हे वाक्यातच आलं पाहिजे. कोडला हात लागणार नसेल तर तेही लिहायचं. डेव्हलपरची ओळ आम्ही मिळून पुन्हा लिहिली: ‘आय विल चेक द रूल अँड गेट बॅक टू यू बाय सिक्स युअर टाइम. द कोड स्टेज अ‍ॅज इट इज अनटिल देन.’ दुसरं वाक्य लिहायचं त्यालाच सुचलं. मला ते पहिल्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण ते चुकीचा अर्थ घ्यायला जागाच ठेवत नाही.

कोडबद्दल ‘रिव्हर्ट’ लिहायचं असेल तर कमिटचा क्रमांक सोबत हवा. क्रमांक असला की वाक्य आपोआप सकर्मक होतं आणि शंका उरत नाही.

मंजुरीत वाढलेली पायरी: दुसऱ्याचा बदल मागे घ्यायचा असेल तर मूळ लिहिणाऱ्याला फोन करायचा. तो रजेवर असेल तर त्याने नेमून दिलेल्या माणसाला. रिव्हर्टच्या विनंतीत कारण लिहिणंही सक्तीचं झालं. तांत्रिक प्रमुखांनी त्या दिवशी कारण लिहिलं असतं तर ‘हिशेब विभागाच्या शंकेमुळे’ असं लिहिलं असतं, आणि सहकाऱ्याने बाईंना एक ओळ तरी विचारली असती.

निष्पत्ती

ग्राहक टिकला. क्रेडिट नोटांच्या कामाचे तास पुण्याच्या कंपनीने आपल्या अंगावर घेतले. त्याबद्दल आत थोडी कुरकुर झाली, कारण बदल मागे घेतला होता तो समोरच्याने. पण मंजुरी पुण्याची होती, त्यामुळे ते योग्यच झालं असं मला वाटतं.

डेव्हलपरवर कारवाई झाली नाही. मात्र त्या कॉलमध्ये आपल्याला खोटारडं समजलं गेलं, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली आणि बरेच दिवस तो मेल लिहून दुसऱ्याकडून वाचून घेत असे. अशा घोटाळ्यांचा हा भाग कुठल्या अहवालात येत नाही, पण मला तोच सर्वांत जास्त खुपतो. चांगलं काम केलेल्या, वेळ पाळलेल्या मुलाचा स्वतःच्या इंग्रजीवरचा विश्वास एका ओळीने हलला. आम्ही बसून त्याचं रात्री अकराचं उत्तर पुन्हा वाचलं, ते किती स्वच्छ लिहिलंय हे मी त्याला वाक्यावाक्याने दाखवलं.

नियम लेखी मेलमध्ये बऱ्यापैकी पाळला जातो. बोलताना नाही. कॉलवर ‘वी विल रिव्हर्ट’ अजून रोज ऐकू येतं, आणि नवीन रुजू झालेली मुलं ते आधीच्या कंपनीतून घेऊन येतात.

वेगळं काय करता आलं असतं

डेव्हलपरने ‘टू यू’ लिहिलं असतं तर, हे वर आलंच. पण सगळा भार त्या दोन शब्दांवर टाकणं बरोबर नाही. हा घोटाळा तीन ठिकाणी अडवता आला असता.

पहिलं ठिकाण, रात्री अकराचं उत्तर. पोच ज्यांना गेली, त्या सगळ्यांना उत्तर जायला हवं होतं. आश्वासन दोघांना आणि पूर्तता एकालाच, अशी स्थिती झाली की दुसऱ्याच्या दृष्टीने आश्वासन मोडलेलंच असतं.

दुसरं, तांत्रिक प्रमुखांची गुरुवारची सकाळ. त्यांच्या शेजारच्या खोलीत हिशेब प्रमुख बसल्या होत्या. बदल मागे घेण्याआधी त्यांना विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण त्यांच्या लेखी निर्णय पुण्याने घेऊन टाकला होता. शब्द ओळखीचा असला की माणूस विचारत नाही. अनोळखी असता तर त्यांनी विचारलं असतं.

तिसरं, मंजुरी. सहकाऱ्याला एक गोष्ट खटकायला हवी होती: नियम बरोबर आहे हे त्यालाही माहीत होतं, चाचणीत तोही होता. मग बरोबर असलेला बदल आपण का काढतोय? मी त्याला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला की ग्राहकाला नको असेल असं वाटलं. ग्राहकाच्या इच्छेबद्दलचा हा अंदाज त्याने एका भारतीय सहकाऱ्याच्या मेलमधल्या एका क्रियापदावरून बांधला होता.

पाडव्याच्या रजेचाही मुद्दा बैठकीत निघाला. दर बदलण्याची तारीख ब्रिटिश सरकारने कितीतरी आधी जाहीर केली होती आणि पाडवा तर पंचांगात वर्षभर आधीच छापलेला असतो. दोन्ही तारखा कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी, 2023 मध्ये, पाडवा 22 मार्चला आला. तेव्हा तो ग्राहकाच्या रिलीजच्या वेळापत्रकात आधीच मांडलेला होता आणि त्या आठवड्यासाठी डेव्हलपरच्या जागी कोणाला फोन करायचा, हेही तिथे लिहिलेलं होतं.